हवा विरळ, पाणी मोजकं: उंच वाळवंटातलं गोल्फ

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातलं अल्बुकर्की शहर समुद्रसपाटीपासून साधारण 1,600 मीटरवर वसलेलं आहे. कळसूबाईच्या शिड्या चढून, धापा टाकत आपण ज्या 1,646 मीटरवर पोचतो, जवळपास त्याच उंचीवर इथले लोक रोज भाजी आणायला निघतात. शहराच्या पूर्वेला सांदिया पर्वताची भिंत आहे. तिचा माथा 3,200 मीटरच्याही वर जातो. पर्वताच्या पलीकडच्या उतारावर, 2,000 मीटरच्या आसपास, पाको रिज नावाचं गोल्फचं मैदान आहे. महाराष्ट्रात एवढ्या उंचीवर जमीनच नाही.

अल्बुकर्कीला वर्षाला पाऊस पडतो तो जेमतेम 220-230 मिलिमीटर. सोलापूरला आपण दुष्काळी म्हणतो, तिथेही याच्या दुपटीहून जास्त पडतो. अशा उंच आणि कोरड्या मुलखाला अमेरिकेत ‘हाय डेझर्ट’ म्हणतात. वाळवंट म्हटल्यावर वाळूच्या टेकड्या आणि उंट डोळ्यांसमोर येतात, ते इथे विसरायचं. तांबूस-पिवळी माती, जुनिपर आणि पिन्यॉनची खुरटी झाडं, चोया नावाचं अंगभर काटे असलेलं निवडुंग, माथा कापून सपाट केल्यासारखे मेसा डोंगर, आणि या सगळ्यावर प्रचंड आभाळ. हिवाळ्यात बर्फही पडतो.

इथे गोल्फ खेळायला गेलेल्या माणसाला सगळंच थोडं वेगळं वाटतं. चेंडू नेहमीपेक्षा लांब जातो, मैदान तुकड्यातुकड्यांत हिरवं असतं, पहाटे लवकर पोचलात तर थांबवून ठेवतात आणि नियमांत सापाची सोय असते. या सगळ्याच्या मुळाशी दोनच टंचाया आहेत: हवा कमी आणि पाणी कमी. त्या दोन कळल्या की बाकीचं आपोआप उलगडतं.

ज्यांनी गोल्फ फक्त टीव्हीवर पाहिलंय त्यांच्यासाठी थोडक्यात. मैदानात 18 ‘होल’ असतात. प्रत्येक होल म्हणजे एक स्वतंत्र वाट. जिथून पहिला फटका मारायचा ती जागा ‘टी’, मधला कापलेल्या गवताचा पट्टा ‘फेअरवे’ आणि शेवटचा अगदी बारीक, गुळगुळीत गवताचा गालिचा म्हणजे ‘ग्रीन’. ग्रीनवर 108 मिलिमीटर व्यासाचं भोक. तिथे चेंडू कमीत कमी फटक्यांत पोचवायचा. चांगल्या खेळाडूला जेवढे फटके लागावेत तो आकडा ‘पार’, होलच्या लांबीप्रमाणे बहुधा 3, 4 किंवा 5. पिशवीत जास्तीत जास्त 14 क्लब ठेवता येतात, प्रत्येकाचा कोन वेगळा, म्हणून प्रत्येकाने जाणारं अंतरही वेगळं. आपला कोणता क्लब किती यार्ड जातो हे माहीत असणं ही या खेळातली अर्धी विद्या आहे. उंचावर नेमकी हीच विद्या दगा देते.

1,600 मीटरवर हवेची घनता समुद्रकाठच्या मानाने सुमारे 15 टक्क्यांनी कमी असते, पाको रिजच्या उंचीवर 18 टक्क्यांच्या आसपास. हवा विरळ म्हणजे चेंडूला होणारा अडथळा कमी. क्रिकेटवाल्यांना हे नवं नाही. जोहान्सबर्गचं वाँडरर्स मैदान 1,700 मीटरच्या वर आहे आणि तिथे चेंडू कसा उडतो ते 2006 साली ऑस्ट्रेलियाच्या 434 धावा पार होताना सगळ्यांनी पाहिलं. (श्रेय सगळं हवेचं नाही, हर्शल गिब्सचंही आहे.)

मग हवा 15 टक्के विरळ असेल तर चेंडूही 15 टक्के लांब जायला हवा? तसं होत नाही, आणि का होत नाही ते समजून घेण्यासारखं आहे. गोल्फचा चेंडू म्हणजे नुसता फेकलेला दगड नव्हे. जास्तीत जास्त 45.93 ग्रॅम वजनाच्या या चेंडूवर तीन-चारशे खळगे असतात. ते शोभेचे नाहीत. खळग्यांमुळे चेंडूला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर खळबळतो, मागे जास्त वेळ चिकटून राहतो आणि चेंडूमागची पोकळी आकसते. गुळगुळीत चेंडू तेवढ्याच जोराने मारला तर साधारण निम्म्या अंतरावर येऊन पडेल. शिवाय क्लबच्या तिरप्या तोंडामुळे चेंडूला उलटी फिरकी मिळते, आणि फिरणारा चेंडू हवेला खाली ढकलून स्वतः वर उचलला जातो. म्हणजे हवा चेंडूला अडवतेही आणि उचलूनही धरते. विरळ हवेत दोन्ही गोष्टी कमी होतात. अडथळा घटल्याचा फायदा मिळतो, पण उचल घटल्यामुळे त्यातला बराचसा परतही जातो. हिशेब करून हाती उरतात ते अल्बुकर्कीला साधारण 6 टक्के आणि पाको रिजला 8 टक्क्यांच्या जवळपास.

व्यवहारात सांगायचं तर मुंबईत किंवा न्यू जर्सीत जो क्लब 150 यार्ड जातो, तो इथे 160 च्या घरात जाईल. (यार्ड म्हणजे मीटरपेक्षा थोडं कमी, 91 सेंटिमीटर.) म्हणून इथे एक क्लब कमी घ्यायचा, म्हणजे जरा जास्त कोनाचा, कमी अंतराचा. ऐकायला सोपं आहे. पण आयुष्यभर 150 ला सहा नंबरचा आयर्न काढणाऱ्या हाताला सात नंबर काढायला लावणं म्हणजे स्वतःशीच भांडण. पाहुणे खेळाडू पहिल्या चार-पाच होलांवर ग्रीनच्या पलीकडे चेंडू घालवतात ते याच भांडणात.

लांबीचा फायदा सगळ्यांना कळतो, त्यामागचा तोटा उशिरा कळतो. उचल कमी मिळाल्यामुळे चेंडूचा मार्ग चपटा होतो आणि तो जमिनीवर कमी कोनातून उतरतो. कमी कोनातून उतरलेला चेंडू थांबत नाही, पळतो. त्यात जमीन कोरडी आणि टणक. ग्रीनवर टप्पा पडला म्हणून हुश्श करावं, तर चेंडू मागच्या उतारावरून खाली निघालेला. उलट एक सूटही मिळते. फिरकीची पकड हवेत कमी म्हणून चेंडू आडवाही कमी वळतो. ज्यांचा फटका कायम उजवीकडे वाहवत जातो, त्यांना इथे आपला खेळ सुधारल्याचा भास होतो. समुद्रकाठी परतल्यावर तो उतरतो.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. दमट हवा ‘जड’ असते, त्यामुळे चेंडू तिच्यात अडकतो, असं किनाऱ्याकडचे बरेच खेळाडू ठामपणे सांगतात. प्रत्यक्षात उलट आहे. पाण्याच्या वाफेचा रेणू (18) हा नायट्रोजन (28) आणि ऑक्सिजन (32) यांच्यापेक्षा हलका. त्यामुळे तापमान आणि दाब सारखे असतील तर दमट हवाच किंचित हलकी भरते. हा फरक इतका बारीक आहे की त्यावर क्लब बदलायचं कारण नाही. तापमानाचा परिणाम मात्र ठळक आहे. कोरड्या हवेत रात्री जमिनीची उष्णता पटकन निघून जाते, म्हणून सकाळी 10 अंश आणि दुपारी 33-34 असा झोकाही इथे कधी कधी बसतो. तेवढ्या फरकाने हवेची घनता आणखी 8 टक्के खाली येते. सकाळी गार चेंडू मेलेला वाटतो आणि दुपारी तोच क्लब ग्रीनच्या पार नेऊन टाकतो. सकाळचा अंदाज दुपारी वापरू नये.

आता पाणी. विषय इथे अवघड होतो आणि, मला विचाराल तर, जास्त रंगतो.

वाळवंटात हिरवळ राखायची म्हणजे काय, याचा एक आकडा नेवाडा राज्यातून घेऊ. लास व्हेगास परिसरात गोल्फ मैदानांना हिरवळीच्या एकरामागे पाण्याचं वार्षिक बजेट ठरवून दिलेलं असतं. ते पूर्वी 6.3 एकर-फूट होतं, 2024 पासून 4 वर आणलं. 4 एकर-फूट म्हणजे त्या एकरावर चार फूट उंच पाणी उभं केल्यासारखं, वर्षभरात सुमारे 1,200 मिलिमीटर. लास व्हेगास अल्बुकर्कीपेक्षा सखल आणि तापट आहे, तेव्हा हा आकडा जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. पण 220 मिलिमीटर पावसाच्या जागी हिरवं राहायला केवढी तूट भरून काढावी लागते, याचा अंदाज येतो.

यातून जे उत्तर निघालं, त्यानेच इथल्या मैदानांचं रूप घडवलं: सगळीकडे गवत लावायचंच नाही. टी हिरवी, चेंडू जिथे पडावा तो पट्टा हिरवा, ग्रीन हिरवं, मधलं सगळं वाळवंट जसं आहे तसं. ॲरिझोनातल्या केअरफ्री गावात रेड लॉरेन्स या रचनाकाराने 1962 साली डेझर्ट फॉरेस्ट हे मैदान असंच बेतलं. वाळवंटाला सोबत घेऊन आखलेल्या अमेरिकी मैदानांत ते पहिल्यांपैकी मानलं जातं. याच लॉरेन्सने 1960 च्याच दशकात न्यू मेक्सिको विद्यापीठाचं मैदान आखलं. ते अल्बुकर्कीत आहे आणि पैसे भरून कोणालाही खेळता येतं. पुढे ॲरिझोनाने 1980 च्या भूजल कायद्याखाली टंचाईग्रस्त भागातल्या नव्या मैदानांचं पाणीच बांधून टाकलं, 18 होलना सुमारे 90 एकर हिरवळीपुरतं. रचनाकारांना तुकड्यांत विचार करणं भागच पडलं. या शैलीला ‘टार्गेट गोल्फ’ म्हणतात. एका हिरव्या बेटावरून दुसऱ्या बेटावर उडी.

बरीच मैदानं पिण्याचं पाणी वापरत नाहीत, शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरतात. अमेरिकेत अशा पाण्याच्या नळांना आणि झाकणांना जांभळा रंग देतात. मैदानात फिरताना जांभळं झाकण दिसलं की समजायचं, हे पाणी पिऊ नये. सांडपाण्यात क्षार जास्त असतात आणि इथे ते धुऊन न्यायला पाऊस नाही, म्हणून अधूनमधून मुद्दाम जास्त पाणी सोडून क्षार मुळांच्या खाली ढकलावे लागतात. पाणी वाचवायचं म्हणून कमी द्यायचं आणि क्षार धुवायला पुन्हा जास्त द्यायचं, असा तो तिढा. तुषार रात्री चालतात, कारण दुपारी बरंच पाणी हवेतच उडून जाईल. सांडपाणी वापरलं म्हणून वाळवंटातलं गोल्फ निर्दोष ठरतं असं मी म्हणणार नाही, तेच पाणी प्रक्रियेनंतर नदीलाही देता येतं. पण ‘वाळवंटात गोल्फ म्हणजे शुद्ध मस्ती’ एवढ्या एका वाक्यात विषय संपतो, असंही नाही.

हिरवी बेटं चुकली की चेंडू वाळवंटात, आणि तिथे नियमांची खरी मजा सुरू होते. चेंडू शोधायला तीन मिनिटं मिळतात, 2019 पूर्वी पाच मिळायची. सापडला नाही तर एक दंडाचा फटका घेऊन आधीच्या जागेवरून पुन्हा मारायचा. काही मैदानं वेळ वाचावा म्हणून वाळवंटाच्या कडेला लाल खुंट्या लावतात. मग दंड तोच, पण चेंडू जिथून आत गेला त्याच्या जवळच टाकून पुढे जाता येतं. खेळायच्या आधी स्कोअरकार्डची मागची बाजू वाचावी ती यासाठी. वाळवंटाला तिथे काय म्हटलंय त्यावर तुमचे पाच-सहा फटके ठरतात.

आणि सापडलाच चेंडू, पण चोयाच्या बुंध्याशी? तर नियम क्रमांक 16.2 काढायचा. चेंडूजवळ विषारी साप, चावऱ्या मधमाश्या, अस्वल असा धोकादायक प्राणी असेल तर दंड न भरता चेंडू सुरक्षित जागी घेता येतो. निवडुंगाला मात्र ही सवलत नाही, आणि हे नियमात नाव घेऊन लिहिलंय. काटे टोचणार असतील तर टोचून घ्या, नाहीतर एक फटका दंड भरा. पाय वाचवायला स्वतःच्या पिंडरीला टॉवेल गुंडाळलेला चालतो, तोच टॉवेल निवडुंगावर टाकून उभं राहिलात तर नियमभंग. नियम लिहिणारा कधीतरी स्वतः चोयात उभा राहिला असावा असं वाटण्याइतकं हे बारीक आहे. रॅटलस्नेक हा इथे विनोदाचा विषय नाही. झुडपात हात घालून चेंडू काढू नये, क्लबने चाचपावं, आणि शंका आली तर चेंडू तिथेच सोडावा. नवा चेंडू मिळतो.

सार्वजनिक मैदान म्हणजे काय, हेही सांगायला हवं. आपल्याकडे गोल्फ म्हटलं की क्लबचं सदस्यत्व, शिफारस, वर्षानुवर्षांची प्रतीक्षा यादी. अपवाद आहेत. दिल्लीत दिल्ली विकास प्राधिकरणाचं (डीडीए) कुतुब गोल्फ कोर्स आहे, नवी मुंबईत सिडकोचं खारघर व्हॅली. अमेरिकेत मात्र बहुसंख्य मैदानं अशी आहेत की दिवसाचे पैसे भरले की कोणीही खेळावं. अल्बुकर्की महापालिकेचीच चार आहेत: अरोयो देल ओसो, लाडेरा, लॉस आल्टोस आणि पुएर्तो देल सोल. पाको रिज खाजगी मालकीचं, पण सगळ्यांना खुलं. केन डाय यांनी आखलेलं हे मैदान 2000 साली सुरू झालं. तिसरा प्रकार मूळ रहिवासी जमातींच्या जमिनीवरच्या मैदानांचा. शहराच्या उत्तरेला सांता ॲना प्वेब्लोच्या भूमीवर ट्विन वॉरियर्स आहे, 2001 सालचं, गॅरी पँक्स यांनी आखलेलं. त्या जमिनीत पूर्वजांच्या वस्तीच्या खुणा आहेत, त्यांना धक्का न लावता वाटा वळवून काढल्या आहेत. तिथे चेंडू त्या खुणांच्या जागेत गेला तर आणायला जायचं नाही.

लाडेराचं नाव घेतलं की नोटा बिगे आठवणारच. नावाहो आणि प्वेब्लो वंशाचा हा मुलगा 1972 साली अल्बुकर्कीत जन्मला आणि महापालिकेच्या या मैदानावर, पडेल ते काम करून सरावाचे चेंडू मिळवत शिकला. पुढे स्टॅनफर्डला टायगर वूड्सच्या संघात खेळला आणि पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेत चार स्पर्धा जिंकला. ग्रीनवरचा उतार ज्या बाजूला असेल त्याप्रमाणे तो कधी उजव्या, कधी डाव्या हाताने पट करायचा, म्हणजे ग्रीनवरून चेंडू भोकाकडे घरंगळवायचा. खाजगी क्लबाच्या शिस्तीत वाढलेल्या पोराला हे कोणी करू दिलं असतं का, याची मला शंका आहे.

उताराचा विषय निघालाच आहे, तर देखाव्याचंही बोलू. इथला देखावा फोटोत छान दिसतो आणि स्कोअरकार्डावर महाग पडतो. हवेत धूळ-ओलावा कमी म्हणून लांबचे डोंगर जवळ दिसतात, आणि मागे सांदियासारखी भिंत असली की समोरचं ग्रीन प्रत्यक्षाहून अलीकडे भासतं. लेझरने अंतर मोजून घ्यावं, डोळ्यांवर भरवसा ठेवू नये. ग्रीनवर दुसरा फसवा प्रकार. सगळी जमीनच डोंगराकडून दरीकडे कललेली असते, त्यामुळे तिच्यावरचा छोटा उलटा उतार सपाट वाटतो आणि सपाट वाटणारा भाग हळूच दरीकडे ओढतो. डोंगराळ मुलखातले जुने खेळाडू म्हणूनच सांगतात, गोंधळ झाला तर चेंडू डोंगरापासून लांब पळेल असं धर. पाण्याचा निचरा जिकडे, चेंडूही बहुधा तिकडे.

ऋतूंचं गणित ॲरिझोनातल्या सखल फिनिक्स शहराच्या उलटं आहे. सखल वाळवंटात हिवाळा हा हंगाम, कारण उन्हाळा जीवघेणा. इथे एप्रिल ते ऑक्टोबर चांगला काळ. वसंतात आणि शरदात सकाळी ‘फ्रॉस्ट डिले’ नावाची गोष्ट गाठ पडते. गवतावर हिमकण असताना कोणालाही मैदानात सोडत नाहीत. पात्यातलं पाणी गोठलेलं असतं, वर पाय पडला की पेशी फुटतात आणि पावलाच्या आकाराचे तपकिरी डाग पुढचे कितीतरी दिवस राहतात. सातची वेळ घेऊन आठपर्यंत कॉफी प्यायची वेळ आली तर काउंटरवरच्या माणसावर चिडू नये.

जुलै ते सप्टेंबर इथलाही मान्सून असतो. सकाळ निरभ्र, दुपारी सांदियावर ढगांचे मनोरे आणि मग विजा. उघड्या माळावर हातात धातूची काठी घेऊन उभा असलेला माणूस विजेला काय दिसतो हे सांगायला नको. भोंगा वाजला की फटका अर्धवट सोडून निघायचं, ‘एवढा एक पट करतो’ म्हणायचं नाही. पावसाळ्यात सकाळची वेळ घ्यावी ती याचसाठी. ऊनही फसवं आहे. दर 1,000 मीटरला अतिनील किरणं सुमारे 10 टक्क्यांनी वाढतात आणि घाम आल्याबरोबर उडून जातो, त्यामुळे आपल्याला घाम येतोय हेच कळत नाही. तहान लागायची वाट न पाहता दर होलला पाणी प्यावं.

नोकरी-शिक्षणाच्या निमित्ताने त्या भागात असाल आणि हात आजमावायचा असेल, तर सुरुवात महापालिकेच्या पुएर्तो देल सोलवर करा. नऊच होल, विमानतळाजवळ. एकटे असलात तरी हरकत नाही, तिघांच्या गटात तुम्हाला बसवून देतात. कॉलरचा शर्ट असावा. आधी तासभर सरावाच्या रेंजवर घालवून आपले क्लब इथे किती जातात ते कागदावर लिहून घ्या, घरचे आकडे बाजूला ठेवा. पाको रिजला जायचं तर सर्वांत मागच्या टीच्या नादी लागू नका. तिथून मैदान 7,500 यार्डांच्या आसपास भरतं आणि विरळ हवासुद्धा तेवढी मदत करत नाही. दुपारनंतरचा ट्वायलाइट दर स्वस्त असतो, पण हे मैदान पर्वताच्या पूर्वेला आहे, तिथे ऊन लवकर उतरतं. त्या दरात 18 होल पुरे होतीलच असं धरून चालू नका.